नानामामांची दुसरी बैठक

लग्नात मुलीला हाताला धरून बोहल्याशी आणायचा मान मामाचा. आमच्या नानामामांनी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर या मानाचा पूर्णवेळ उद्योग केला. कराडपासून कोथरूडपर्यंतच्या भावकीत आपल्या मध्यस्थीशिवाय एकही लग्न जमलेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. लग्न मोडतानाही माणसाला मामा लागतो हे त्यांना अलीकडे एका भाचीच्या घटस्फोटात कळलं. कळल्याबरोबर, कुणी न सांगता, त्यांनी तीही जबाबदारी अंगावर घेतली.

असे मामा आता घरोघरी आहेत. पूर्वी काडीमोड म्हटलं की दारं लावून कुजबुज व्हायची, आता मामांना फोन जातो. ते पिशवी घेऊन येतात. पिशवीत लग्नपत्रिका, जोडीचा फोटो, मुलाचा बायोडेटा आणि बैठकीत लिहिलेली यादी. घटस्फोटाच्या अर्जाला लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका आणि फोटो जोडतात, हे ऐकल्यावर तर मामांना भरूनच आलं. लग्नात उरलेल्या पत्रिका रद्दीत न घालणारा भावकीतला एकमेव माणूस म्हणून त्यांची आजवर थट्टा झाली होती.

वकील शोधायची रीत स्थळ शोधायचीच. वकिलांना जाहिरात करायची बंदी, त्यामुळे चौकशी तोंडी. शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयाजवळच्या टपरीवर चहा घेत मामा विचारतात, “माणूस कसाय? मूळचे कुठले? हाताला गुण आहे का?” पहिले वकील भेटले ते म्हणाले, “तीन महिन्यांत मोकळी करतो, गॅरंटी.” मामांना स्थळ पसंत पडलं. भाची उठून जिना उतरली. निकालाची हमी देणारा वकील आणि ‘मुलगा सुपारीसुद्धा खात नाही’ म्हणणारा मध्यस्थ, दोघांपासूनही चार हात लांब राहावं. ती एकदा लांब राहिली नव्हती, म्हणून तर इथे आली होती.

दुसऱ्या वकीलबाई. मामांनी थेट देण्याघेण्यालाच हात घातला. “पोटगी येईल त्यातले धा टक्के तुमचे.”

“निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि अर्ज लिहिण्याचे किती, तारखेचे किती, त्यात काय येतं, काय येत नाही, अपील झालं तर ते वेगळं, सगळं लिहून दिलं. मामा खट्टू झाले. घासाघीस न होता ठरलेला व्यवहार त्यांना अशुभ वाटतो.

“आमच्याकडं पाचशेच्या स्टॅम्पावर लिहून, नोटरीचा शिक्का मारून मोकळं व्हत्यात की,” त्यांनी शेवटचा डाव टाकला.

“होतात असं त्यांना वाटतं. कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय लग्न मोडत नाही. तुमच्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी आहे म्हणालात, तर ती कायदा मानतो, पण रूढी शाबीत करावी लागते. करता?”

मामा करायला तयार होते. भाचीने त्यांचा सदरा ओढला.

मग त्यांनी वही काढली. त्यात व्याह्यांनी केलेल्या छळाची नोंद होती. वरमाईने मानपानाची साडी परत केली. सासऱ्यांनी पंगतीत मामांना तिसऱ्यांदा जिलेबी विचारली नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे कारण आहे, सलग दोन वर्षं टाकून जाणं हेही आहे. पण क्रूरता मुलीला झालेली लागते, मामाला झालेली चालत नाही. शिवाय भांडून घ्यायचं म्हटलं की समजपत्र, समोरच्याची कैफियत, शपथपत्र, उलटतपास. त्यात वर्षं जातात. दोघंही राजी असतील तर संमतीचा रस्ता बरा. किमान वर्षभर वेगळे राहिलेले असले की दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, आणि मन बदललं नसेल तर पुन्हा येऊन सांगायचं. दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि देणंघेणं मिटलं असेल, तर हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय.

“सहा म्हयने विचार करायला?” मामा थक्क. “लग्नाच्या टायमाला आम्ही यादी पे शादी केली. सकाळी बघितली, सांजच्याला अक्षता.”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

यादीचा विषय निघताच मामा पुन्हा जागेवर आले. दागिने, भांडी, फ्रिज, खाली दोन्हीकडच्या सह्या. स्त्रीधन मुलीचं एकटीचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलंय, त्यामुळे यादी कामाची होती. बायोडेटा मात्र बाईंनी दोनदा वाचला. पोटगीचा वाद झाला तर दोघांनाही उत्पन्नाचं, मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, २०२० पासून त्याचा नमुनाच ठरलाय. बायोडेटातल्या पॅकेजवाला मुलगा आणि शपथपत्रातल्या पगारवाला मुलगा एकच आहे, हे ओळखणं आईबापालाही जड जातं. तो बायोडेटा मामांनीच टाइप करून घेतला होता. पॅकेजही त्यांनीच थोडं वाढवलं होतं. ते छताकडे बघू लागले.

संमतीच्या अर्जाच्या तारखेला मामा इस्त्रीच्या सदऱ्यात हजर. कौटुंबिक न्यायालयात वकील लावायचा हक्कच नसतो, न्यायाधीशांनी परवानगी दिली तर वकील उभा राहतो, हे कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं.

“मग मीच बोलतो की!”

“पक्षकार बोलतो,” बाई म्हणाल्या. “मामा नाही.”

आधी विवाह समुपदेशकांनी दोघांना आत घेतलं. मामाही आत शिरले आणि तितक्याच वेगाने बाहेर आले. बाकावर मुलाकडचे काका बसलेले, तेच बैठकीतले. त्यांच्या मांडीवरही पिशवी. दोघांनी एकमेकांची यादी ताडून बघितली. कुकरवरून खटका उडाला. मग काकांनी चहा सांगितला आणि कुकर सोडला. खरं सांगायचं तर तडजोडीचे निम्मे मुद्दे त्या बाकावरच मिटले, आणि याचं श्रेय दोघांनाही आजतागायत कुणी दिलेलं नाही.

निकाल झाला त्या दिवशी मामांनी नव्वद दिवसांची विचारणा केली. अपिलाची मुदत संपेतो दुसरं लग्न करता येत नाही असं त्यांनी ऐकलं होतं. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलच नसतं, बाई म्हणाल्या. मामांनी लगेच खिशातून छोटं कालनिर्णय काढलं.

“मामा,” भाची म्हणाली, “आधी सही-शिक्क्याची नक्कल तरी मिळू दे.”

“अर्ज केलाय मी. तीन मागितल्यात.”

“तीन कशाला?”

“एक तुला, एक बँकेत लागली तर,” मामा पिशवीची चेन लावत म्हणाले, “आणि एक म्होरल्या बैठकीत दाखवाय नको?”