समजा, जमीन सपाट आहे

आर्थिक भूगोलात एम.ए. करायचं तर आधी डोंगर पुसावे लागतात. मग नद्या. मग जमीन सगळीकडे सारखीच सुपीक करायची, मधोमध एकच शहर ठेवायचं आणि नफ्याशिवाय दुसरं काही न सुचणारे शेतकरी त्याच्याभोवती वसवायचे. एवढी जमवाजमव झाली की शहराभोवती कुठे काय पिकेल हे सांगणारा वॉन थुनेनचा सिद्धांत चालू होतो. आमचा वर्ग होता सह्याद्रीच्या पायथ्याशी. खिडकीत अख्खा डोंगर उभा, आणि सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "समजा, हा सपाट प्रदेश आहे." आम्ही समजायचो.

थुनेनला मात्र नावं ठेववत नाहीत. १८२६ साली पुस्तक काढणारा हा गृहस्थ नुसता पुस्तकी पंडित नव्हता. जर्मनीत मेक्लेनबुर्ग भागात त्याची स्वतःची शेती होती आणि तिचा पैन्‌पैचा हिशेब त्याने वर्षानुवर्षं ठेवला होता. त्याच्या आकृतीत शहराला लागून दूध-भाजीपाला आणि दुसऱ्याच वर्तुळात चक्क जंगल! वर्ग हसला. पण तेव्हा शहराच्या चुली लाकडावर पेटायच्या, आणि एवढं जड लाकूड लांबून आणायचं तर सगळा नफा गाडीभाड्यातच जायचा. (आता त्या वर्तुळात 'निसर्गरम्य एनए प्लॉट' पिकतात. भाव अजूनही शहरापासूनच्या अंतरावरच ठरतो.)

वर्गातली निम्मी मुलं स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली. त्यांचा जीव सिद्धांतापेक्षा त्यावरच्या टीकेत, कारण प्रश्न ठरलेला: 'टीकात्मक परीक्षण करा.' त्यामुळे क्रिस्टॅलरने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावा-शहरांवर षटकोन का आखले हे कळण्याआधी ते का चुकले हे आम्हाला तोंडपाठ. प्रत्येक सिद्धांताचे सहा-सहा दोष, नोट्समध्ये आकडे घालून. वडिलांनी एकदा माझी वही उघडली, षटकोनांनी भरलेलं पान निरखलं आणि आईला सांगितलं, "फरशी बसवायचा कोर्स दिसतोय."

आल्फ्रेड वेबरचा १९०९ चा सिद्धांत मात्र आमच्या भागासाठीच रचल्यासारखा. ज्या कच्च्या मालाचं वजन प्रक्रियेत घटतं, त्याचा कारखाना त्या मालाजवळ. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. बाकीचं पाणी, बगॅस आणि मळी लांबवर कोण वाहून नेणार? शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेची रिकव्हरी घसरते. म्हणून कारखाना फडाजवळ. हे डोळ्यांनी पाहायला ऐन हंगामात आम्हाला एका कारखान्यावर नेलं.

गेटबाहेर ही रांग. बैलांपुढे वाढे टाकलेले, ट्रॅक्टरांना दोन-दोन ट्रॉल्या, आणि मळीचा वास असा की डबा उघडायची कुणाची हिंमत होईना. प्रश्नावली घेऊन मी एका ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. ते स्टिअरिंगवर पाय टाकून पडले होते.

"काका, ऊस कुठून आणला? किती लांबून?"

"असंल चाळीसेक किलोमीटर."

दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर हवं असा महाराष्ट्रात नियम आहे. ऊस अजून जमिनीवरूनच जातो हे खरं, पण तरी चाळीस?

"मधे एकही कारखाना लागला नाही?"

"लागले की. दोन लागले."

"मग?"

"पयला मालकाच्या इरोधी गटाचा. दुसऱ्यानं गेल्या सालचं बिल दिलं न्हाई."

"आणि हा?"

"हितं मालकाची लेक दिलीया."

प्रश्नावलीत 'कारखाना निवडीचे कारण' यापुढे चार चौकटी होत्या: वाहतूक खर्च, दर, रस्ते, अंतर. मी पेन हातात धरून सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सर बराच वेळ चिमणीच्या धुराकडे बघत राहिले.

"वेबरच्या टीकेत सातवा मुद्दा घाल," ते म्हणाले. "'इतर घटक' म्हणून. लेक लिहू नकोस."