जुन्या पद्मिनीचे इंजिन वारंवार बंद पडण्याची मीमांसा आणि निदानपद्धती

1. विषयाची व्याप्ती

कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1974पासून ‘पद्मिनी’ या नावाने तयार होऊ लागलेली आणि मूळच्या इटालियन फियाट 1100ची वंशज असलेली मोटार सुमारे अर्धे शतक महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावली, आणि त्याच काळात त्याच रस्त्यांच्या कडेला ती उभीही राहिली. यांपैकी दुसऱ्या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास मात्र उपेक्षित राहिला आहे. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती निवृत्त झाल्यामुळे, आता उरलेल्या गाड्या बहुतांशी अशा गृहस्थांच्या ताब्यात आहेत, जे गाडीवरील खर्च स्वतः वहीत मांडत नाहीत आणि ज्यांच्या घरची मंडळी तो तोंडपाठ म्हणून दाखवतात.

प्रस्तुत विवेचनात ‘बंद पडणे’ म्हणजे चालू असलेले इंजिन मालकाच्या इच्छेविरुद्ध थांबणे, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. मुळात सुरूच न होणे ही स्वतंत्र शाखा असून तिचे अध्ययन सहसा सोसायटीच्या आवारात, शेजाऱ्यांच्या उपस्थितीत आणि ऑफिसला उशीर झालेला असताना होते.

2. साहित्य आणि मनुष्यबळ

निदानासाठी प्लगचा पाना, दोन स्क्रू-ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, एक रिकामी बाटली, ओले फडके, वही-पेन्सिल आणि फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजण्यासाठी वापरला जाणारा ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा संच, एवढे साहित्य पुरते. मनुष्यबळ जमवावे लागत नाही. बॉनेट उघडताच तेथे एक सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होते, ज्यात ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ असे सांगणारे एक, ‘करंट मारत नाही’ असे सांगणारे एक, आणि आपल्या मामांकडे अशीच फियाट होती एवढेच सांगून थांबणारे एक, असे किमान तीन सदस्य असतात. मंडळातील सदस्याच्या हाती पेटलेली विडी असल्यास त्याला अध्यक्षपद देऊन रस्त्याच्या पलीकडे बसवावे. कारण पुढील प्रयोगांत पेट्रोल उघड्यावर येणार आहे.

3. मूलतत्त्व

पद्मिनीचे 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन चालण्यास हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि ते मिश्रण नीट दाबले जाणे, या तीन गोष्टी लागतात. दाब हा वर्षानुवर्षे हळूहळू कमी होतो, चौकात अचानक नाहीसा होत नाही. त्यामुळे वारंवार बंद पडणाऱ्या गाडीत आरोपी सहसा दोनच उरतात, आणि त्यांच्यात भेद करण्याची सर्वोत्तम संधी बॉनेट उघडण्यापूर्वीच येऊन गेलेली असते. पेट्रोल कमी पडले तर इंजिन आचके देत, ‘मिसिंग’ करत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर सावरत आणि पुन्हा ढेपाळत थांबते; वीज तुटली तर ते बटण दाबून बंद केलेल्या पंख्याप्रमाणे कोणतीही पूर्वसूचना न देता गप्प होते. या नियमाला अपवाद आहेत, परंतु नियम पाहिलाच नसेल तर अपवादाचाही उपयोग होत नाही. म्हणून मालकाने त्या क्षणी दैवाला, सरकारला किंवा मागून हॉर्न वाजवणाऱ्याला उद्देशून काही बोलण्याआधी गाडी कशी थांबली याची नोंद करावी.

4. पेट्रोलपक्ष

सर्वप्रथम टाकीत पेट्रोल आहे काय हे पाहावे. जुन्या गाडीतील पेट्रोलचा काटा वस्तुस्थिती दाखवतो असा समज रूढ असला, तरी तो पुष्कळदा मालकाचा आशावादच दाखवतो. त्यानंतर टाकीचे झाकण उघडून कान द्यावा. पेट्रोल जसे कमी होते तशी त्याच्या जागी हवा आत जावी लागते, आणि तिची वाट बुजली असेल तर टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज येऊन थोड्या वेळाने गाडी सुरू होत असेल, तर निदान पूर्ण झाले असे समजावे.

उन्हाळ्यात, विशेषतः घाट चढताना, ‘व्हेपर लॉक’ हा विकार संभवतो. पेट्रोलमधील हलके घटक 40 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. इंजिनालगतचा यांत्रिक पंप आणि नळी तापली की आत वाफ कोंडते, आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेल्या पंपाचा तिच्यापुढे इलाज चालत नाही. पंपावर ओले फडके ठेवणे हा जुन्या चालकांचा उपाय या कारणास्तव पूर्णतः शास्त्रीय आहे. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून नाणे वाहण्याची प्रथा श्रद्धेची असली, तरी तेवढ्या वेळात पंपही थोडा निवतो, ही बाब अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच, म्हणजे नेमके सिग्नलला, इंजिन बंद पडत असेल आणि पाय ठेवला की चालत असेल, तर कार्बोरेटरमधील आयडलिंगचे जेट, म्हणजे मंद गतीसाठी पेट्रोल सोडणारे सूक्ष्म छिद्र, तुंबलेले असण्याचा संभव मोठा. येथे कचऱ्याचा सिद्धान्त मांडणाऱ्या सदस्याचे मोठ्या मनाने अभिनंदन करावे. प्लग काळे आणि ओले निघाले, तर उलट पेट्रोल जास्त होत आहे असे मानून फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी झडप, अडकली आहे काय आणि सकाळी ओढलेला चोक दुपारपर्यंत तसाच राहिला आहे काय, हे क्रमाने तपासावे. इथेनॉल-मिश्रित पेट्रोलामुळे जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, म्हणून त्यांची वयोमर्यादा मालकाच्या आठवणीवरून ठरवू नये.

5. विद्युत्पक्ष

बॅटरीच्या 12 व्होल्टपासून कॉइल हजारो व्होल्ट निर्माण करते, आणि त्यासाठी डिस्ट्रिब्युटरमधील ‘पॉइंट’, म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी दोन टोके, इंजिनाच्या मिनिटाला 3000 फेऱ्या होत असताना सेकंदाला 100 वेळा उघडावी लागतात. सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेल्या त्या फटीवर संपूर्ण कुटुंबाची सहल अवलंबून असते, याची जाणीव कुटुंबाला सहसा नसते. पॉइंट जळू नयेत म्हणून बसवलेला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर, तसेच स्वतः कॉइल, तापल्यावर दगा देतात आणि निवल्यावर निरागस होतात. त्यामुळे अर्धा तास थांबून गाडी गॅरेजच्या दारात नेली असता ती निर्दोष चालते, आणि संशय मालकावर येतो.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळते. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींवर निळ्या ठिणग्या खेळताना दिसल्या, तर त्यांचे सौंदर्य थोडा वेळ न्याहाळून मग वायरी बदलाव्यात. खड्ड्यात चाक आदळताच इंजिन थांबत असेल, तर बॅटरीची सैल टोके आणि इग्निशनचे कुलूप तपासावे. घराच्या, कपाटाच्या, तिजोरीच्या आणि गावाकडच्या वाड्याच्या किल्ल्या गणपतीसह एकाच जुडग्यात लटकवल्यास त्या वजनाने कुलूप झिजते, आणि गाडी बंद पाडण्याचे काम मालकच दररोज खिशात घेऊन फिरत असतो.

6. निर्णायक प्रयोग

पुढील दोन्ही प्रयोग गाडी बंद असताना, ती निवण्यापूर्वी करावेत, कारण निवलेल्या गाडीत पुरावा उरत नाही. प्रथम एक प्लग काढून, वायर जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि सेल्फ मारावा; ठसठशीत निळी ठिणगी पडली तर वीज निर्दोष, पिवळी व क्षीण पडली किंवा पडलीच नाही तर दोष विद्युत्पक्षाचा. प्लग परत बसवून झाल्यानंतरच कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत धरावी आणि पुन्हा सेल्फ मारून पेट्रोलची चिळकांडी येते काय ते पाहावे. हा क्रम बदलल्यास निदानाऐवजी अग्निशमन दलाची आवश्यकता भासते.

या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका मात्र यंत्राचा नाही. उत्साहाच्या भरात पॉइंट घासले, प्लग बदलले, कार्बोरेटर फुंकला आणि टायमिंगही हलवले, तर गाडी सुरू झाल्यावर कशामुळे झाली हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस बंद पडली की मंडळातील प्रत्येक सदस्य आपला पक्ष मागेच सिद्ध झाल्याचा दावा करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती वहीत लिहावी, आणि त्यानंतर गाडी त्याच रस्त्याने, त्याच उन्हात, तेवढेच अंतर चालवून पाहावी. ज्या दोषाचे कारण सांगता येत नाही, तो दुरुस्त झाला असे मानू नये. आणि कारण सापडेपर्यंत गाडी नेहमी उताराकडे तोंड करून, हँडब्रेक ओढून आणि चाकाखाली दगड लावूनच उभी करावी.