जिभेचे दत्तकविधान

आवडनिवड ही वडिलोपार्जित मिळकत असून ती वारसाहक्काने निर्वेध चालत येते, हा समज झाशीतील आम्हां दक्षिणी घराण्यांत इतका दृढमूल आहे की, एखाद्या चिरंजीवांनी ताटातली आमटी बाजूस सारून कढीतल्या बऱ्याकडे हात नेला, तर वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर कुलक्षयाची चिन्हे उमटतात. वास्तविक ज्या नेवाळकरांनी येथे सुभेदारी गाजविली, ते मूळचे रत्नागिरीकडल्या कोट गावचे. नारळ-कोकमांच्या मुलखातली त्यांची जीभ बुंदेलखंडाच्या तापल्या खडकांत येऊन रुळली, हा पराक्रम मला त्यांच्या तलवारीच्या पराक्रमाहून तसूभरही उणा वाटत नाही.

खरे पाहता आवडी औरस नसतातच, त्या दत्तक असतात. याच नेवाळकरांतल्या गंगाधररावांनी 1853 च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेले दत्तक डलहौसीसाहेबाने नामंजूर केले आणि पुढल्याच वर्षी संस्थान खालसा झाले. जिभेचा दरबार मात्र कंपनी सरकारहून पुष्कळ उदार. तेथे दत्तकाची सनद अर्जावाचून मिळते, आणि बेदखल झालेल्या मूळ वारसाला साधी नोटीसही जात नाही.

ज्या गणेशमंदिरात 1842 साली राणीसाहेबांचे लग्न लागले, त्याच मंदिरात उत्सवातल्या कीर्तनाला तरुणपणी मला बळेच बसविले जाई, आणि बुवांचा पूर्वरंग आटोपण्यापूर्वीच मी सदर बाजारातले चित्रपटगृह गाठलेले असे. हल्ली उत्तररंगातल्या कथेपेक्षा मला पूर्वरंगातले निरूपणच अधिक गोड लागते, आणि पडद्यावर नायक धावू लागला की धाप मला लागते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या, राख झटकून तुपात बुडविलेल्या गकरिया नि भट्ट्याचे भरीत हे कोणे एके काळी मी गावंढळांचे खाणे म्हणून नाक मुरडून नाकारीत असे. आता तेच आमंत्रण आले की, प्रकृतीची सबब पुढे करण्याइतका वेळही मला मिळत नाही.

परंतु या व्यवहाराचा खरा मासला आमच्या घरातच आहे. आमचे कुटुंब पुण्याचे. सकाळच्या प्रहरी दह्याबरोबर जिलबी खाणाऱ्या लोकांत आपल्याला दिले, याबद्दल त्यांनी माहेरच्या मंडळींना बरीच वर्षे क्षमा केली नव्हती. आणि आमटीतला त्यांचा गूळ हा माझ्या दृष्टीने डाळीवर केलेला उघड अन्याय होता. हल्ली माहेरी गेल्या की, अख्ख्या पुण्यात सकाळी दही-जिलबी मिळू नये म्हणजे काय, असा त्या सर्वांना जाब विचारतात. आणि इकडे मी, गुळाचा खडा चुकून राहिला तर, पानावरून उठण्याची धमकी देतो. भांडण पूर्वीच्याच निष्ठेने चालू आहे. वादी-प्रतिवादींनी तेवढी आपापली वकीलपत्रे परस्परांस देऊन टाकली आहेत.