पोरकिडा : एक व्यक्तिचित्र

आमच्या फोटोग्राफीच्या कंपूतले बहुतेक जण ताडोबाला जातात. जिप्सीत ६०० मिलिमीटरच्या लेन्स रोखून बसतात, वाघिणीने जांभई दिली की सगळे एकदम शटर उडवतात, आणि पुढे वर्षभर ती एकच जांभई आम्हाला निरनिराळ्या कोनांतून पाहावी लागते. मी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली, तीही वापरलेली, तेव्हा ‘आता तू जाणार कुठे?’ असं त्यांनी काळजीने विचारलं. कोणी म्हणालं, कासला जा. कोणी म्हणालं, आंबोलीला जा, भर पावसात, रात्री, टॉर्च घेऊन बेडकांच्या मागे. दोन्ही ठिकाणं उत्तम आहेत. पण कासच्या फुलांची उंची आणि माझ्या गुडघ्यांचं वय यांचा मेळ बसत नाही. एकवेळ पोटावर झोपता येईल, उठवायला मात्र माणसं न्यावी लागतील. म्हणून मी स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यापाशी गेलो. तिथे प्रवेश शुल्क नाही, गाइड नाही, आणि श्रावणात प्राणी दिसणार म्हणजे दिसणारच.

मॅक्रो म्हणजे काय, हे आईला समजावणं भाग होतं, कारण जंगल तिच्या ताब्यात होतं.

“हिच्यातून वस्तू खऱ्यात जेवढी असते तेवढीच सेन्सरवर उमटते. एकास एक.”

“म्हणजे आहे तेवढीच दिसते?”

“हो.”

“अरे, मग मला ती तेवढी फुकट दिसते.”

सेन्सरवरून पडद्यावर आल्यावर ती किती मोठी होते हे मी सांगायला घेतलं, तोवर ती कुकर लावायला निघून गेली होती.

पहिल्या फोटोंनी तिचीच बाजू घेतली. पोरकिडा असतो जेमतेम ३ मिलिमीटर लांब. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. एकास एकच्या हिशेबाने किडा चौकटीच्या रुंदीचा बारावा हिस्सा व्यापणार आणि उरलेल्यात कोलम. त्यातून फोकस नेमका तांदळावर बसलेला. दाणा न् दाणा मोत्याचा, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो एका कोपऱ्यात तपकिरी डाग होऊन राहिलेला.

मग एक्स्टेन्शन ट्यूब आणली. ही लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची नळी. तिच्यामुळे लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि प्रतिमा मोठी होते. नळीत काच नसते. काहीच नसतं, हवा असते. नुसत्या पोकळीचे इतके पैसे मी याआधी फक्त ठाण्यातला फ्लॅट घेताना, सुपर बिल्ट-अप या नावाखाली मोजले होते.

किडा मोठा झाला, पण खरी गंमत तिथून सुरू झाली. एकास एकला, एफ ८वर, स्पष्ट दिसणारा पट्टा असतो सुमारे १ मिलिमीटर खोल. ट्यूब लावली की त्याहूनही कमी. किड्याचा डोळा साधला की सोंडेचं टोक धूसर, सोंड साधली की पाठ गायब. छिद्र आणखी बारीक करावं, तर त्यातून जाताना प्रकाश फाकतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. शिवाय एवढ्या जवळ गेल्यावर लेन्स उजेडही गिळते. एकास एकला दोन स्टॉप, म्हणजे मूळच्या उजेडाचा चौथा हिस्सा उरणार, आणि श्रावणात मूळचाच किती असतो? माळ्यावर गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल पडून होता. २०१८च्या बंदीनंतर त्याने उजेड पाहिला नव्हता. आता तो डब्याशेजारी उभा राहून उजेड परतवू लागला. त्याच्या अंगावर अजून सोनेरी टिकल्या आहेत. त्या प्रत्येक फोटोत किड्याच्या पाठीवर चमकतात.

फोकसची रिंग या कामात निरुपयोगी. अंतर पक्कं करून ठेवायचं आणि आपणच कंबरेतून पुढेमागे व्हायचं, श्वास रोखून. किडा पट्ट्यात शिरला की बटण दाबायचं. मी ओट्यापुढे असा डुलत असताना आई साखरपाणी घेऊन आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा डॉक्टरांचा नंबर शोधत होती.

रॉबर्ट हूकने यातलं दुःख जाणलं असतं. ‘मायक्रोग्राफिया’ या १६६५ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकासाठी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली मुंगी ठेवून तिचं चित्र काढायचं होतं. मुंगी स्वस्थ बसेना. मेणाने चिकटवली तर अंग वाकडंतिकडं करी, मारली तर तिचा आकार बिघडे. अखेर त्या थोर शास्त्रज्ञाने तिला ब्रँडीत सोडलं. मुंगी झिंगून पडली, त्याने निवांत पाहून घेतलं, आणि तासाभराने ती एकदम शुद्धीवर येऊन चालती झाली. आमच्याकडेही ब्रँडी आहे, औषधांच्या कपाटात, बामच्या बाटलीमागे, सर्दीपुरती. पण श्रावणात ती किड्याला पाजू द्यायला घरात कोणी तयार झालं नसतं. काही फोटोग्राफर किडे फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग ‘निसर्गाच्या कुशीत’ असं नाव देऊन फोटो स्पर्धेला पाठवतात. हे मला अजिबात पटत नाही. शिवाय आमच्या फ्रिजमध्ये विरजण असतं.

सुदैवाने पोरकिड्याला ब्रँडी लागत नाही. जरा धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन तो मेल्याचं सोंग करतो. इतकं गुणी मॉडेल मुंबईत पैसे देऊनही मिळणार नाही. त्या अवस्थेत फोकस केसभर पुढे सरकवत भराभर फोटो काढायचे आणि नंतर संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक अखंड किडा तयार करायचा. याला स्टॅकिंग म्हणतात. अडचण एवढीच, की असा फोटो अंत्यदर्शनाचा येतो. आणि सोंग संपवून गृहस्थ उठला, की कॅमेऱ्याकडे पाठ करून थेट डब्याच्या कडेवर.

एव्हाना घरातल्या इतर जिवांचाही दर्जा वाढला होता. ठाणे-कल्याण परिसरात उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली आणि २०२१ साली २६/११चे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं, हे मी घरात वाचून दाखवलं. तेव्हापासून बाल्कनीतला कुठलाही कोळी विज्ञानाला अज्ञात असू शकतो, या कारणावरून जळमटं काढण्याचं काम तहकूब आहे. उडी मारणारा कोळी मुळात जाळं विणून भक्ष्य धरत नाही, म्हणजे जळमटांशी त्याचा फारसा संबंध नाही. हे मी वाचून दाखवलं नाही.

अखेर एका सकाळी पोरकिडा चारही ठिपक्यांसकट मनासारखा मिळाला. डावी बाजू, सोंड किंचित वर, सोंडेवरून कोपरात वाकल्यासारख्या निघालेल्या मिशा, पाठीवर ओळीने खड्डे आणि तांबूस पिवळे चार ठिपके. मी तो टीव्हीवर लावला. तीन मिलिमीटरचा जीव दिवाणखान्यात रेडकाएवढा झाला. आईने मालिका बंद केल्याचा निषेध म्हणून आधी पाहिलंच नाही. मग पाहिलं.

“हा आपल्या डब्यातला?”

“हो.”

“आणि हे पांढरे धोंडे कसले?”

“बोरिक पावडर. तू लावलेली. तो तिच्यावर उभा आहे.”

आई गप्प झाली. बोरिक पावडर आणि कडुलिंबाचा पाला यांवर तिचा अनेक वर्षांचा विश्वास होता. थोड्या वेळाने तिने किड्यामागच्या दाण्यावरचं भोक दाखवून ते काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. मादी सोंडेने दाणा कोरते, आत अंडं घालते आणि भोक चिकट द्रव्याने बुजवते. अळी आतच वाढते, आतूनच दाणा खाते, आणि बाहेर निघतो तो पूर्ण वाढलेला किडा. या सगळ्याला साधारण महिना लागतो. तोवर दाणा वरून धडधाकट दिसतो.

“महिना?” आईने बोटांवर मोजलं. “तांदूळ आणला नागपंचमीनंतर. गोकुळाष्टमी अजून व्हायची आहे.”

म्हणजे अंडी दुकानातूनच आली होती. आईचं बोरिक निर्दोष सुटलं, आणि ती चप्पल घालू लागली.

दुकानदाराने फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ पाहिला. “आजी, असलं जनावर माझ्या गोदामात असतं, तर आधी आमचं मांजर पळालं असतं.”

“तीन मिलिमीटरचा आहे तो,” मी म्हणालो. “मोठा करून दाखवलाय.”

“मग आहे तेवढा दाखवा की.”

माझ्याकडे तोही होता. पहिल्या दिवशीचा, एकास एकचा. दुकानदाराने तो पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला.

“क्या बात है! दाणा बघा, दाणा. हा आपला कोलम?”

“तो कोपऱ्यातला डाग बघा. तोच किडा.”

“डागाचं काय घेऊन बसलात? तो काढता येतो.” त्याने हाक मारून आतल्या पोराला बोलावलं आणि मला विचारलं, “हा फोटो मला द्याल?”

मी ‘घ्या की’ म्हणणारच होतो, पण आईने माझ्या दंडाला धरून मागे ओढलं. फोटोचे पैसे घेतात हे मला माझ्या कंपूतही कोणी शिकवलं नव्हतं. वाटाघाटी सुरू झाल्या. दुकानदार दोन किलोंवर होता, आई दहावर. पाच किलो नव्या तांदळावर सौदा ठरला, आणि जुना डबा बदलून मिळाला तो वेगळा.

आता दुकानाच्या दारावर चार फुटी फ्लेक्स लागला आहे. ‘निवडक कोलम, घरपोच.’ फ्लेक्सवाल्याला डाग काही काढता आला नसावा. त्याने नेमका त्या कोपऱ्यात पिवळा तारा चिकटवून त्यात किलोचा भाव छापला आहे.