पंचवीस टक्के आरडाओरडा

दुधनीहून वानखेडे स्टेडियम ५०० किलोमीटरच्या घरात. पुण्याजवळचं गहुंजे त्याच्या अलीकडे, पण तेही काही सायकलवर टांग टाकून जाण्याइतकं जवळ नाही. त्यामुळे मार्च २०२१ मध्ये गहुंजेचे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना होतील असं जाहीर झालं, तेव्हा दुधनीकराचं काहीएक बिघडत नव्हतं. तो निघालाच नव्हता. तरी बाजार समितीच्या आवारात हळहळ अशी चालली होती, की परक्याला वाटावं गावाचं आरक्षणच रद्द झालं. ज्या लग्नाला जायचंच नसतं, त्याची पत्रिका आली नाही की माणूस जसा पेटतो, तसं ते पेटणं होतं. आपण न जाणं वेगळं आणि सरकारनं येऊ नका म्हणणं वेगळं.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्याचं टोक आणि एका अर्थानं महाराष्ट्राचंही. पलीकडे कलबुर्गी जिल्हा. बाजार तुरीचा, उडदाचा. भाव मराठीत फुटतो, घासाघीस कन्नडमध्ये होते. अशा गावात आयपीएल आलं की घराच्या मधोमध सीमावाद उभा राहतो. अण्णा बंगळूरचे, दाजी मुंबईचे. दोघांचंही क्रिकेट खेळणं शाळेत सुटलं, क्रिकेट शिकवणं मात्र अजून चालू आहे. (असे अण्णा आणि असे दाजी तिथं गल्लोगल्ली आहेत. हे दोघे त्या सगळ्यांना मिसळून बनवलेले. कुणी अंगाला लावून घेऊ नये.)

साथीची पहिली बातमी मात्र दुधनीला शेजारूनच आली. करोनानं झालेला देशातला पहिला मृत्यू कलबुर्गीतला, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं १२ मार्च २०२० ला. त्याच दिवशी धरमशालेत भारत-दक्षिण आफ्रिका सामना पावसानं धुऊन गेला. पुढचे दोन सामने, लखनौ आणि कोलकात्याचे, आधी प्रेक्षकांविना होणार होते, मग झालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी राजकोटला रणजीच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस रिकाम्या स्टँडपुढे खेळला गेला. अण्णांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "रणजीला माणसं असत्यात कधी? ह्यात नवीन काय केलं?"

नवीन होतं ते पुढे. माणसांना घरी बसवल्यावर जगानं माणसांऐवजी काय काय बसवून पाहिलं, याची यादी वाचताना हसावं की बघत बसावं कळत नाही. तैवानमध्ये बेसबॉलच्या एका संघानं ढोल बडवायला यंत्रमानव बसवले. जर्मनीत ग्लाडबाखच्या पाठीराख्यांनी १९ युरो देऊन आपापले पुठ्ठ्याचे पुतळे स्टँडात उभे केले. सोलमध्ये फुटबॉल क्लबानं कपडे घातलेल्या बाहुल्या बसवल्या. त्या कुठल्या दुकानात आणि कशासाठी विकल्या जातात हे नंतर सगळ्या जगाला कळलं आणि क्लबाला १० कोटी वॉनचा दंड झाला. जर्मन पुठ्ठ्याचा हिशेब दाजींनी लगेच रुपयांत केला. दीड हजाराच्या आसपास. "अण्णा, तुमचा एक लावू या. पुठ्ठा बोलत तरी न्हाई."

सप्टेंबरात आयपीएल अमिरातीत भरलं. स्टेडियम रिकामं आणि गोंगाट मुद्रित. चौकार गेला की यंत्रातून गर्दी ओरडणार, विकेट पडली की पुन्हा ओरडणार. आता दुधनीच्या कानाला हे पटेना. खरी गर्दी पक्षपाती असते. चौकार आपल्या माणसाचा असेल तरच ती छप्पर उडवते. ही यंत्रातली गर्दी तलाठ्यासारखी निर्विकारपणे दोघांच्याही नोंदी करत होती. २८ सप्टेंबरला दुबईत बंगळूर २०१, मुंबई २०१. ईशान किशन ९९ वर बाद, सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बंगळूरची. मैदानावर एक माणूस नाही. त्या रात्री दुबईच्या स्टेडियमपेक्षा दुधनीतल्या एका माडीवर जास्त आवाज होता, आणि तो मुद्रित नव्हता. शेजारच्यांनी दोनदा खिडकी वाजवली.

ओरडून काय होतं, हा प्रश्न घरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या विचारलेला आहे. त्याचं उत्तर साथीनं दिलं. १६ मे २०२० ला जर्मन लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली आणि घरच्या संघांचं जिंकणं चांगलंच घटलं. संशोधकांनी आकडे मांडले, तेव्हा आणखी एक गंमत निघाली: पाहुण्या संघाला पूर्वी जितकी पिवळी कार्डं दाखवली जायची, तितकी आता दाखवली जात नव्हती. म्हणजे आरडाओरड्याचा परिणाम खेळाडूंवर होतो तसा पंचांवरही होतो. इतकी वर्षं पाचशे किलोमीटरवरून पंचांना सुनावणाऱ्या अण्णांना विज्ञानाचा एवढा मोठा पाठिंबा कधी मिळाला नव्हता. टीव्हीला ऐकू जात नाही ही बारीक अडचण त्यांनी गौण मानली.

प्रेक्षक परतले ते आधी ऑस्ट्रेलियात, आणि सगळं काही गोड घेऊन परतले नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला दिवसाला ३०,००० च्या मर्यादेत लोक बसले आणि त्यांनी अजिंक्य रहाणेचं ११२ धावांचं शांत शतक पाहिलं. पंधरवड्यात सिडनीला, एक चतुर्थांश भरलेल्या मैदानावर, सीमारेषेवरच्या सिराजला शिवीगाळ झाली आणि सहा जणांना बाहेर काढावं लागलं. तीन चतुर्थांश खुर्च्या रिकाम्या ठेवूनही नको ती माणसं आत येतातच. मुद्रित गोंगाटाची तेवढी एक बाजू बरी म्हणायची.

भारतात दार उघडलं ते चेन्नईत, १३ फेब्रुवारी २०२१ ला, इंग्लंडविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीला. पहिली कसोटी त्याच मैदानावर सुनी सुनी गेली होती. आता निम्मे लोक आत, गावचा पोरगा अश्विन आठ बळी घेतोय आणि वर शतकही ठोकतोय, आणि विराट कोहली प्रेक्षकांकडे वळून हातवारे करतोय, की शिट्ट्या वाजवा. मास्क लावून शिट्टी कशी वाजवायची हे त्यानं सांगितलं नाही. महिनाभरात अहमदाबादला पहिले दोन टी-ट्वेंटी गर्दीत झाले आणि उरलेले तीन पुन्हा रिकाम्या मैदानात.

मग गहुंजे. दाराला कुलूप, पण गहुंजेला डोंगर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सचिनचा तो अंग रंगवून शंख फुंकणारा सुधीर कुमार, बिहारच्या मुझफ्फरपूरचा, तिरंगा घेऊन सरळ मैदानाजवळच्या डोंगरावर चढला आणि तिथून झेंडा फडकावू लागला. नियम मोडला नाही, सामना चुकवला नाही. दुधनीत त्याच्या फोटोला जेवढा मान मिळाला तेवढा त्या दिवशी कृणाल पांड्याच्या पदार्पणातल्या वेगवान अर्धशतकालाही मिळाला नाही.

पण उंचावरून पाहणारा तो एकटा नव्हता. टीव्हीवरचं चित्र मैदानातल्या चेंडूपेक्षा काही सेकंद मागे असतं, आणि सट्टेबाजाला तेवढे सेकंद पुरतात. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना पकडलं. त्यातले काही उंच जागा गाठून दुर्बीण आणि कॅमेऱ्यातून चेंडू न् चेंडू पाहत होते. सरकारनं प्रेक्षकांना बंदी घातली आणि सामना डोळ्यांत तेल घालून पाहणारे जे उरले, त्यांत सट्टेबाज आघाडीवर होते. बाजारात रोज भाव फुटण्याच्या अगोदर भाव ताडणाऱ्या अण्णांना या धंद्याचं तत्त्व समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली. नैतिक निषेध त्यात किती आणि दाद किती, ते मान हलवण्यावरून सांगता येईना.

त्यानंतरचे महिने वाईट गेले आणि त्यांत हसण्यासारखं काही नव्हतं. पंढरपूरला आषाढीच्या पालख्या सलग दुसऱ्या वर्षी एसटीतून आल्या. ज्या जिल्ह्यानं ते पाहिलं, त्याला स्टेडियमच्या खुर्च्यांचं काय कौतुक. मग हळूहळू दारं किलकिली झाली, त्यांचा क्रमही पाहण्यासारखा होता. ७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापनेला, देव उघडले. २२ ऑक्टोबरला सिनेमा उघडला. क्रिकेटचा नंबर डिसेंबरात लागला. क्रिकेट हा धर्म आहे म्हणणाऱ्यांनी एकदा हे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावं.

वानखेडेवर भारत-न्यूझीलंड कसोटी, ३ डिसेंबर, प्रवेश पंचवीस टक्के. लोक लसीचे दोन्ही डोस दाखवून आत गेले, भारताचा खेळ पाहायला, आणि त्यांना दिसलं काय? मुंबईत जन्मलेला आणि आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल भारताचे दहाच्या दहा गडी बाद करतोय. जिम लेकर, अनिल कुंबळे, आणि आता हा. ११९ धावांत १०. आता टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? पोरगा आपला, टोपी त्यांची. वानखेडेनं टाळ्या वाजवल्या आणि बरं केलं. अण्णांनी तेवढ्यात हिशेब मांडला, "प्रेक्षक पंचवीस टक्के, विकेटी शंभर टक्के." त्यानंतर न्यूझीलंडचा संघ ६२ धावांत गुंडाळला गेला आणि भारत ३७२ धावांनी जिंकला, हे आज कुणाच्या लक्षातही नाही.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. आयपीएलची साखळी त्या वर्षी सगळीच्या सगळी मुंबई-पुण्यात. ७० सामने आणि ६ एप्रिलपासून निम्म्या खुर्च्या खुल्या. ९ तारखेला गहुंजेला मुंबई विरुद्ध बंगळूर. दाजींनी ठरवलं. आयुष्यभर टीव्हीत पाहिलं, आता नाही. शुक्रवारी रात्री सोलापूरला सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली, भल्या पहाटे पुण्यात उतरले आणि संध्याकाळच्या सामन्यासाठी सकाळपासून पुतण्याच्या घरी तयार होऊन बसले. सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती. ती स्टेडियमच्या दारात काढून घेतली गेली. दाजींनी याचा उल्लेख नंतर कुणापुढे केला नाही, पुतण्यानं केला.

आत गेल्यावर कळलं की मैदान फार मोठं आणि माणसं फार लहान दिसतात. कोण गोलंदाजी करतोय हे विचारून घ्यावं लागतं. कोहली ४८ वर असताना ब्रेव्हिसचा चेंडू पायावर लागला, पायचीत दिला, पुनरावलोकन झालं, बॅट आधी की पॅड आधी यावर रान पेटलं. दाजी स्टेडियममध्ये, तिकीट काढून, खेळपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी खिशातून मोबाईल काढून दुधनीला फोन लावला.

"अण्णा, आऊट हाय का वो?"

"काय?"

"आऊट! बॅट लागली का? हितनं काय दिसंना!"

"तुम्ही तिथं कशाला गेलाव मग?"

मुंबई सात गड्यांनी हरली. सूर्यकुमारच्या नाबाद ६८ धावा वाया गेल्या आणि तो मुंबईचा ओळीनं चौथा पराभव होता. मध्येच एक बहाद्दर कुंपण ओलांडून थेट खेळाडूंपर्यंत धावत गेला. ज्या बायो-बबलपायी खेळाडूंना घरच्या माणसांपासून लांब ठेवलं होतं, तो त्यानं एका धावेत फोडला. दाजी रविवारी परतले ते आवाज घालवून. दोन दिवस अडतीत खुणांनी भाव सांगत होते. सामना कसा होता विचारलं की दोन्ही हात वर करून गर्दी दाखवायचे. खेळाबद्दल अवाक्षर नाही, आणि चेहऱ्यावर असं तेज की सोलापूरच्या पार्क मैदानाचा सगळा इतिहास त्यापुढे फिका पडावा.

त्याच शनिवारी साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत होती. अण्णांनी टीव्हीवर गहुंजे आणि मोबाईलवर सातारा लावलं होतं. साथीमुळे अधलं वर्ष कोरडं गेलेलं, त्यामुळे लोक असे लोटले होते की पैलवान आखाड्यापर्यंत पोचतो की नाही अशी शंका यावी. तिथं टक्केवारी विचारायची कुणाची छाती नव्हती. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ नं हरवलं आणि २१ वर्षांनी गदा कोल्हापूरला नेली. मग पैलवानानंच सांगितलं की गदा मिळाली, रोख बक्षीस नाही. दुधनीच्या अडतीत हे ऐकून खरोखरीचा संताप झाला. सीमेवरच्या साध्या जत्रेत नारळावर लागलेल्या कुस्तीलाही कोणीतरी खिशात हात घालून शंभर-पन्नास काढतो आणि हलगीवाला तेवढ्यावर आणखी दोन ठोके वाढवतो.

प्रेक्षक शंभर टक्के परतला याची खूण मात्र जानेवारी २०२३ मध्ये पटली. सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा दोन वर्षांच्या मोजक्या मानकऱ्यांनंतर पुन्हा फुलला होता आणि त्याच आठवड्यात पुण्यात, कोथरूडला, महाराष्ट्र केसरी रंगली. माती विभागाची अंतिम लढत सोलापूर जिल्ह्यातल्या दोघांतच: मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर हरला. पुढे शिवराज राक्षेनं महेंद्रला हरवून गदा नेली, पण जिल्ह्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वाद एकच: सिकंदर धोकादायक स्थितीत गेला होता का? गुण चार की दोन? मोबाईलवर तीच टांग हजार वेळा फिरली. पंचांना फोनवर धमकी गेल्याची बातमी आली, तेव्हा मात्र अडतीतले आवाज जरा खाली आले. एवढं काही कुणाला नको होतं.

वाद तरी मिटेना. अखेर नव्या तुरीच्या थप्पीआड, ऐन सौद्याच्या वेळेला, अण्णांनी दाजींना उभं केलं आणि टांग नेमकी कशी बसली ते दाखवायला घेतलं. वयं दोघांचीही पन्नाशीपलीकडची. हमालांचा मुकादम पंच. अण्णांनी पाय घातला, दाजी तुरीच्या पोत्यावर आडवे झाले, पाठ टेकली की खांदा टेकला यावर पुन्हा दोन तट पडले. तुरीचा नमुना तळहातावर घेऊन एक खरेदीदार बराच वेळ उभा होता. त्यानं नमुना पोत्यावर ओतला, हात झटकले आणि म्हणाला, "वो अण्णा, मला नीट दिसलं न्हाई. परत एकदा करा की."