टाच

थंडी पडली की मफलर आणि अर्धा किलो फल्ल्या घेऊन मी घराबाहेर पडतो, आणि बायको दरवर्षी दारातून तेच विचारते, "तुमचं कोनी खेळून राह्यलं काय तिथं?"

नाही. माझं कोणी खेळत नाही. आमचे चिरंजीव शाळेत असताना एकदा खो-खोला बसले होते. बसले ते बसलेच, कारण शेवटपर्यंत त्यांना कोणी खो दिला नाही. मी स्वतः कॉलेजच्या कबड्डी टीमबरोबर गावोगाव हिंडलो, पण पाण्याची कळशी आणि खेळाडूंच्या चपला सांभाळण्याच्या खात्यात. तरीही गेली कित्येक वर्षं आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने जिथे असतील तिथे मी जातो. तिथे आणखी आठ जण आलेले असतात. त्यांचंही कोणी खेळत नसतं.

आम्हाला कोणी बोलावत नाही. पत्रिकेत आमची नावं नसतात. उद्घाटनाला आलेले पाहुणे मात्र भाषण करतात ते आमच्याकडे पाहून, कारण खेळाडू सोडले तर समोर आम्हीच असतो. टाळ्या आम्ही भाषण लवकर संपावं म्हणून वाजवतो, आणि ते पाहुण्यांना कळत नसल्यामुळे भाषण लांबतं.

बैठकीचे अध्यक्ष मास्तर. ते शिकले तेव्हा इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. १९८३ साली अमरावतीचं वेगळं विद्यापीठ झालं, त्याबद्दल मास्तरांचं मत अजून पक्कं ठरलेलं नाही. "विद्यापीठ झालं थे बेसच झालं, पन नागपूरवाल्याईले त्याईच्या घरात जाऊन हारवाची मजा गेली ना बाप्पा!" त्यांच्या शेजारी बसतात ते कलर होल्डर. विद्यापीठाच्या संघातून खेळलेला आमच्यातला हा एकमेव माणूस. मिळालेला कलर कोट ते आजही घालून येतात. कोट तेवढाच राहिला, कलर होल्डर वाढले. बटणं आणि काजं यांच्यात आता इतकं अंतर पडलं आहे, की मधून आतल्या स्वेटरची संपूर्ण वीण मोजता येते. आणि मग रिटायर्ड तलाठी. फल्ल्यांचं एक टरफल जमिनीवर पडलं की ते सातबारा वाचल्याच्या आवाजात बजावतात, "गाडगेबाबाच्या नावाचं विद्यापीठ हाय. उचला." आम्ही उचलतो. बाबांचा खराटा आठवूनही ज्याला लाज वाटत नाही, असा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे, निदान तलाठी समोर असेपर्यंत.

मी मूळचा अकोल्याचा. नोकरीनं अमरावतीत आणलं आणि सासुरवाडीनं ठेवून घेतलं. बैठकीत अकोल्याचे आम्ही चार, अमरावतीचे पाच. ते म्हणतात, आयुक्त आमच्याकडे, विद्यापीठ आमच्याकडे, अंबादेवी आमच्याकडे. आम्ही म्हणतो, कृषी विद्यापीठ १९६९ पासून आमच्याकडे, आणि मुंबई-हावडा मेन लाईन आमच्या गावातून जाते. तुम्हाला ती गाडी धरायला बडनेऱ्यापर्यंत पिशव्या ओढाव्या लागतात. क्रिकेटचा विषय निघाला तर बरोबरी होते, कारण जितेश शर्मा त्यांचा आणि अथर्व तायडे आमचा. पण बडनेऱ्याचा मुद्दा फार वर्मी लागतो. तो लागला की मास्तर बर्लिन काढतात.

बर्लिनचं असं आहे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं थेट बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. कबड्डीसुद्धा. ही गोष्ट खरी आहे, मोठी आहे, आणि अकोल्याच्या माणसाकडे तिच्यावर उत्तर नाही. अमरावतीकर बर्लिनबद्दल असं बोलतो, जणू ते बडनेऱ्याच्या पुढचं स्टेशन आहे. अकोल्याचं एखादं कॉलेज आठ गुणांनी पुढे असलं, तरी मास्तर शांतपणे फल्ली फोडत म्हणतात, "छत्तीस साली आपन बर्लिनले गेलो होतो." आपण! मास्तरांचा जन्म चव्वेचाळीसचा.

त्याच मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाची टीम ड्रॉमध्ये समोर आली, की आमच्या कॉलेजच्या पोरांचे चेहरे आदल्या रात्रीच उतरत. ती पोरं सकाळी शिकणार तोही खेळ आणि संध्याकाळी खेळणार तोही खेळ. आमची पोरं सकाळी रसायनशास्त्र शिकत. चढाईला जाताना त्यांच्या डोळ्यांत फार तर मूलद्रव्यांची सारणी दिसायची.

पण मला सांगायचं आहे ते टाचेबद्दल.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. किल्लारीच्या भूकंपाच्या आधीची गोष्ट, असं मी म्हणतो. नंतरची, असं कलर होल्डर म्हणतात. अमरावतीतल्या एका मैदानावर आमच्या कॉलेजचा उपांत्य सामना होता. आम्ही एका गुणानं मागे, शेवटची चढाई. आमचा चढाईपटू आत शिरला, कोपऱ्याला हात लावला, मधल्याला लाथ लावली आणि अंगावर पडणाऱ्या साखळीतून निसटून मध्यरेषेवर येऊन पडला. दोन गुण! आम्ही कळशी हवेत फेकली. तेवढ्यात पंचांची शिट्टी. का, तर हात लावायच्या आधीच त्याची टाच लॉबीत पडली होती. कबड्डीत लॉबी ही जावयाच्या रुसव्यासारखी असते, काही घडल्याशिवाय तिच्यात शिरायचं नसतं. झटापट सुरू झाली की लॉबी मैदानात धरतात. त्याआधी पाय पडला की बाद. टाच आधी की हात आधी, एवढाच प्रश्न. त्या काळी मॅट नव्हती. रेषा फक्कीची, आणि नेमकी त्या जागची फक्की सकाळी एका गाईनं तुडवली होती. मास्तरांच्या मते बकरीनं.

तेव्हापासून आम्ही भांडतो आहोत. मास्तर त्या दिवशी समोरच्या बाजूला होते, कलर होल्डर गुणलेखकाच्या मागे. ओळख तिथली. म्हणजे मैत्रीच्या आधी भांडण झालं, आणि मग भांडायला माणूस लागतो म्हणून मैत्री ठेवावी लागली. कोरोनात सामने बंद पडले तेव्हा मास्तर रोज सकाळी दहाला एकेकाला फोन करायचे. तब्येत विचारायची त्यांना लाज वाटत असावी. ते विचारायचे, "काय म्हन्ते टाच?" आपण "आतच होती" म्हटलं की समाधानानं फोन ठेवायचे. तलाठी दवाखान्यात होते, त्यांना दम लागायचा, बोलू नका म्हणून सांगितलेलं. तरी त्यांनी "बाहेर" एवढं बोलून घेतलं.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं गेलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या रस्त्यानं आम्ही अकोल्याला सामने पाहायला गेलो. परतताना गाडी चालवणाऱ्या भाच्यानं विचारलं, "मामा, पाच दिवसांत एवढा रस्ता झाला, तुमची एक टाच निघून नाही राह्यली?" गाडीत कोणी बोललं नाही. पोरगं चांगलं आहे, पण त्याला अजून समज यायची आहे.

त्याचा थोरला भाऊ अमेरिकेत, मिशिगनला असतो. त्यानं तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याचा फोटो पाठवला. कॉलेजच्या पोरांचा सामना आणि पाहायला एक लाखाच्या वर माणसं, सगळी पिवळ्या-निळ्या कपड्यांत. फोटो हातोहात फिरला. मास्तरांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिला. मग फोन परत देत म्हणाले, "एवढ्या लोकाईत मानूस भांडते कोनाशी?"

गेल्या डिसेंबरात आमच्या मागे एक पोट सुटलेला, विरळ केसांचा माणूस येऊन उभा राहिला. कलर होल्डरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कोटाचं उरलेलं एक बटणही उडालं. तोच होता. टाचवाला! आता मूर्तिजापूरला त्याचं कृषी केंद्र आहे. पुतण्याची मॅच पाहायला आला होता. आम्ही त्याला मधोमध बसवलं, फल्ल्यांची पुडी पुढे केली आणि मास्तरांनी, आवाज शक्य तितका साधा ठेवत, विचारलं. साक्षात टाच आमच्या चपलांशेजारी होती.

तो म्हणाला, "त्या मॅचले मी नव्हतोच ना सर. मले कावीळ झाली होती. माह्या बदल्यात दुसरा पोट्टा खेळला होता."

मैदानावर कोणी तरी लोण दिलं, गलका झाला. आमच्यात सामसूम. माझ्या डोळ्यांपुढून ती चढाई पुन्हा एकदा गेली. चेहरा ह्याचाच होता, केसांसकट. शेवटी मास्तर सावरले.

"तू नव्हता म्हन्तं ना? मंग तुले काय माहीत? होतो त आम्ही होतो!"

त्याला ते पटलं असावं. तो मुकाट्यानं फल्ल्या खाऊ लागला. टरफलं तलाठ्यांनी न सांगता खिशात टाकली, म्हणजे माणूस चांगल्या घरचा. दोन चढाया झाल्या, तिसरी झाली. मग तो हळूच म्हणाला, "पन टाच आतच असन."

"काहून?" मास्तर उसळले.

"माही टाच हाय ना. मले माहीत हाय."

अकोल्याकडून आम्ही पाच झालो. पाच-पाच. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तोच मास्तर सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "थांबा, थांबा. मूर्तिजापूर अकोल्याच्या जोळ का अमरावतीच्या?"

तलाठ्यांनी नकाशा काढायला कागद मागितला. कलर होल्डर रेल्वेनं मोजू लागले, टाचवाला रस्त्यानं. पुडीत चारच फल्ल्या उरल्या होत्या. मी आणखी पाव किलो आणायला उठलो.