विहिणीची पैठणी

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाशी. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या बंगल्यात लग्नाच्या व्हिडिओवरनं केवढं रामायण झालं ते? नाही? कमाल आहे, सगळ्या गल्लीला माहितीये!

परवा दोन्हीकडची मंडळी जमली होती. चहा, चिवडा, टीव्हीला पेनड्राइव्ह. आधी नुसतं वा वा चाललेलं. मुंडावळ्यांचे मोती कसे लुकलुकतायत, समईच्या ज्योतींभोवती काय सुंदर वलय... मुलीच्या आईचे तर डोळेच भरून आले. मग लागलं रिसेप्शन. आणि मुलाची आई खुर्चीत एकदम पुढे सरकली. "माझी पैठणी कुठाय?"

अहो, होती की अंगावर! पण काठ दिसेना. पदरावरचे मोर गायब, नुसतं सोनेरी धुकं. खास येवल्याला जाऊन आणलेली हो! मुलीच्या बाबांचं तोंड असं उतरलं म्हणता, कारण फोटोग्राफर त्यांनी ठरवलेला. त्यालाही बोलावलं होतं, कौतुक करायला. तो बिचारा चिवड्याची बशी हातात धरून तस्साच! पुटपुटला, "काकू, सिनेमॅटिक लुक आहे तो." "आमचे मोर परत आणा, मग सिनेमा बघू," म्हणाली ती. एवढं बोलायला नको होतं म्हणा. पण पैठणीचं दुःख...

तर काय सांगत होते, माझा भाचा त्याच धंद्यातला. त्याला गाठलंच मी. तो म्हणाला, मामी, त्यानं मिस्ट फिल्टर लावला असणार. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच असते ती. कुकर उघडला की चष्म्यावर वाफ धरते ना, आणि दिवा कसा पसरट दिसतो? तसंच, पण बेतानं केलेलं. आताचे कॅमेरे इतके तिखट, की फाउंडेशनचा थर न् थर मोजून घ्या. ही काच काय करते, उजेडाच्या ठिकाणचा थोडा प्रकाश आजूबाजूला सांडते. त्यामुळे कातडीवरच्या खाचाखोचा बुजतात, दिवे फुलतात. फोकस मात्र डोळ्यांवर पक्काच लागतो हं. मी आपली समजत होते, मुद्दाम हलवून काढतात!

त्यातही पांढरा मिस्ट आणि ब्लॅक मिस्ट. पांढऱ्यानं काळे भाग राखाडी पडतात. काळ्याच्या काचेत बारीक काळे कण असतात, म्हणून केसांचा काळेपणा बऱ्यापैकी टिकतो. आणि नंबर असतात त्याला, 1/8, 1/4, 1/2, 1 असे चढते. भाचा म्हणतो, लग्नात 1/8 लाव, फार तर 1/4. या शहाण्यानं म्हणे एक नंबर चढवलेला! वर मागे ती एलईडीची भिंत, आणि हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला झूम लावून उभा. लेन्स जितकी लांबची, तितका तोच फिल्टर जास्त चढतो. मग भिंतीचा सगळा उजेड पसरला नवरानवरीवर, आणि पैठणीची जर तर आपणच चकाकणारी, ती कसली वाचतेय? हळदीला, खिडकीच्या उजेडात, तोच फिल्टर खपून गेला असता थोडाफार.

मी म्हटलं, अरे मग कॉम्प्युटरवर पुसून टाका ना ते धुकं. भाचा असा हसला! म्हणाला, कॉन्ट्रास्ट थोडा ओढून आणता येतो, पण गेलेले मोर कुठून आणायचे? साफ शूटिंग नंतर मऊ करता येतं, अगदी काचेसारखं नसेल तरी. उलटं होत नाही.

आणि हे काही आजचं खूळ नाही हो. 1919 मध्ये ग्रिफिथ दिग्दर्शकाच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स' सिनेमात त्या लिलियन गिश नटीचे क्लोजअप असेच धुकट काढलेले. त्यासाठी सार्टोव्ह म्हणून खास माणूस होता. पुढे तर काय, काचेवर व्हॅसलिन फासायचे, लेन्सवर बायकांचे रेशमी स्टॉकिंग ताणून बसवायचे! डिऑरचे काळे स्टॉकिंग म्हणे कॅमेरामन लोक जपून ठेवायचे. पुरुष माणसं हो! दुकानात जाऊन मागत कसे असतील, मला तर बाई... असो. आणि ती नटी ल्युसिल बॉल, ऐकलंय ना नाव? 1974 च्या 'मेम' सिनेमात साठी ओलांडलेल्या बाईंचे क्लोजअप इतके धूसर केले, की समीक्षकांनी त्याचीच टर उडवली. वय लपवायला गेले आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं तिकडेच गेलं.

हां, तर आपल्या कोपऱ्यावरचं. शेवटी ठरलं काय, तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर फिल्टर नव्हता, त्यातले मोर घेऊन रिसेप्शन पुन्हा जोडून द्यायचं. फोटोग्राफर तोंड पाडून गेला. मुलीच्या आईनं मात्र त्याला फाटकाशी गाठून हळूच सांगितलं, "माझे क्लोजअप आहेत तसेच राहू देत हं." आमच्या कामवालीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आणि ती मुलाची आई? अजून ज्याला त्याला सांगत सुटलीये, व्हिडिओचं पार वाटोळं केलं म्हणून. पण वहिनी, तिचा व्हॉट्सअॅपचा डीपी बघितलात? आत्ता बघा, थांबते मी. सुरकुती नाही, काळी वर्तुळं नाहीत, मागे दिव्यांचे गोळे... दिसली? अहो, त्याच रिसेप्शनमधला आहे. मानेखालून कापलाय फोटो, पैठणी यायलाच नको!